मिसेस डाबरेंचं लुगडं

डार्विन
१४ जून २०२०

बाय,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? तुझा भाऊ ऑस्वाल्ड लिहितोय, दहा वर्षांनी, आणि तेही मराठीत. घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. मी मरता मरता वाचलो, ते सांगतो.

मार्चमध्ये मी इथे माझे विनोदाचे शो करायला आलो. लंडनहून डार्विन, मग ॲडलेड, शेवटी मेलबर्न. मेलबर्नचं थेटर तुमच्या क्रेगीबर्नपासून गाडीने चाळीस मिनिटांवर होतं आणि तुला कळवायचं की नाही हे माझं ठरत नव्हतं. देवाने तो प्रश्नच मिटवला. डार्विनच्या पहिल्या शोला दोनशे खुर्च्यांत सतरा माणसं होती. दुसऱ्या दिवशी थेटर बंद, चार दिवसांनी विमानं बंद. मी मोटेलच्या खोलीत अडकलो आणि दहा आठवडे फक्त प्यालो. मेच्या शेवटी सफाईवालीला मी बाथरूमच्या फरशीवर सापडलो.

हॉस्पिटलातून मला इथे आणलं. शहराबाहेर, झाडीत, दारू सोडवायचं केंद्र आहे. बारा आठवड्यांचा कोर्स, आठ जूनला सुरू झाला. फोन काढून घेतात. फारच निकड असली तर ऑफिसातून एक कॉल करू देतात. पत्रं मात्र हवी तेवढी लिहा म्हणतात.

मी इंग्रजीत तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा दुसऱ्या ओळीला विनोद झाला. पंचवीस वर्षांची सवय, हात ऐकत नाही. माझं मराठी वसई सोडली तेव्हाच्या दहा वर्षांच्या पोराचं आहे, पुढचं सगळं आईच्या तोंडून ऐकलेलं. त्यात मला खोटं बोलायला जमत नाही.

आई कशी आहे? माझं नाव घेते का कधी? उत्तर दिलं नाहीस तरी मी समजून घेईन. पण दे.

ऑसी

•

क्रेगीबर्न
२८ जून २०२०

ऑसी,

तुझं पत्र मी गॅरेजमध्ये उभ्या उभ्या वाचलं. घरात आई असते आणि माझं तोंड बघून तिला सगळं कळतं.

आधी शिव्या, मग बाकीचं. गाढवा! मेलबर्नला यायचं आणि बहिणीला कळवायचं ठरत नव्हतं? आणि दहा आठवडे मोटेलच्या खोलीत? मरायचंच होतं तर माझ्या घराजवळ येऊन मरायचं होतंस, निदान हाताशी तरी असतास. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला गाढव म्हणतेय आणि किती बरं वाटतंय सांगू.

आता आई. एप्रिलमध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, त्यातून उठली, पण हार्ट थकलंय. पायांना सूज, दोन वाक्यं बोलली की धाप. सत्त्याहत्तरची झाली, ऑसी. आठवड्यातून दोनदा नर्स घरी येते. मी हॉस्पिटलात एक्सरे काढायची शिफ्ट करते, घरी आले की गॅरेजमध्येच कपडे बदलते आणि अंघोळ केल्याशिवाय आईच्या खोलीत पाऊल टाकत नाही. आता तर आमच्या भागात केसेस वाढल्यात, पुन्हा टाळं लागणार म्हणतात.

नाव घेते का? दहा वर्षांत घेतलं नव्हतं. तुझं पत्र आल्याचं मी तिला चार दिवस सांगितलंच नाही. मग न राहवून सांगितलं. तर म्हणते, "माझं लुगडं आहे का त्याच्याकडे?"

तू म्हणशील, कुठलं लुगडं. नाटकं नकोत. लाल चौकड्यांचं, नऊवारी, आजीने आईला लग्नात दिलेलं. तू ते तिच्या ट्रंकेतून न विचारता उचललंस आणि अख्ख्या इंग्लंडला हसवलंस. आमच्या आईचं लुगडं, गळ्यात आईसारखी रोझरी, हातात डाव. आणि त्या सोंगाचं नाव मिसेस डाबरे! खऱ्या मंत्र्यांना जेवायला बसवायचास, "जेवलास का?" म्हणून सुरुवात करायचास आणि ते खोटं बोलले की ताटात आणखी एक डाव कालवण. कालवण टेबलावरून ओघळायला लागलं की लोक टाळ्या पिटायचे. आम्हालाही कौतुक होतं, नाही कशाला म्हणू.

पण बाबांना पुरून तीन महिने होतात न होतात तोच तू तेच लुगडं नेसून दारुड्या नवऱ्याच्या शवपेटीशी रडायचं सोंग टीव्हीवर केलंस. आई तेव्हा नुकतीच माझ्याकडे राहायला आली होती. त्या दिवसापासून तिने तुझा फोन घेतला नाही. मीही नाही.

माझी सुरुची म्हणते, "बट मम्मा, मामा इज लिटरली फेमस." तिला म्हटलं, असेल, पण आधी तो गाढव आहे.

लुगडं आहे का ते कळव.

कॅरोलिन

•

डार्विन
८ जुलै २०२०

बाय,

"गाढवा" वाचून मी इतका हसलो की शेजारच्या खोलीतला ट्रक ड्रायव्हर बघायला आला. इथे माझ्याशी सगळे फार जपून बोलतात. किती वर्षांत मला कोणी असं हक्काने झापलं नव्हतं.

लुगडं आहे. माझ्याच बॅगेत आहे, अगदी नीट. काळजी नको. पोस्टाने नाही पाठवत, मी स्वतः घेऊन येतो. पाचवा आठवडा चालू आहे, हात थरथरत नाहीत, भूक लागते. मी इथल्या बाईंशी बोललो. कोर्स मध्ये सोडला तर पुन्हा जागा मिळणार नाही म्हणाल्या. न मिळू दे. आईला बघायचंय, यापेक्षा मोठं कारण काय असणार? मेलबर्नला विमान आहे अजून एखादं. तुझ्याकडून हो आलं की निघतो.

इथला हिवाळा म्हणजे आपल्याकडचा उन्हाळाच, स्वेटर लागत नाही. कोणीतरी गवत पेटवतं आणि घारी धुरावर फिरत बसतात. आवारात चाफा आहे, वसईच्या दफनभूमीत होता तसाच. सकाळी पडलेली फुलं मी गोळा करतो आणि मग त्यांचं काय करायचं ते कळत नाही.

आईला सांग, ऑसी येतोय.

ऑसी

•

क्रेगीबर्न
१७ जुलै २०२०

ऑसी,

मी "ये" असंच लिहिणार होते. पाकीटसुद्धा काढून ठेवलं होतं. मग तुझं पत्र आईला वाचून दाखवलं आणि फसले.

"कोर्स मध्ये सोडला तर" इथपर्यंत आले आणि आईने हात वर केला. थांब म्हणाली. मग धापा टाकत जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते: "त्याला सांग, येऊ नको. तुझे बाबा चार वेळा गेले अशा जागी. चारही वेळा मधूनच आले. एकदा तुझं पहिलं कम्युनियन म्हणून, एकदा कॅरोलिनचा रिझल्ट म्हणून, एकदा आजीच्या वर्षाची चर्चमधली मिस्सा म्हणून. चौथ्यांदा माझी आठवण आली म्हणून. दर वेळी कारण चांगलंच असायचं. आता मी मुलाचं कारण नाही होणार."

मी म्हटलं, आई, डॉक्टर काय म्हणालेत ठाऊक आहे ना तुला? तर म्हणते, मला कानांनी ऐकू येतं. पुढे बोलायची सोय नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तुला माहितीये.

तेव्हा येऊ नकोस. एकतीस ऑगस्टला बारा आठवडे पुरे होतात, मग ये. आपण दोघंही जाणतो की ते फार लांब आहे. मी तीन दिवस यावर रडलेय, आता तू रड.

लुगडं मात्र लगेच पोस्टाने पाठव. कशासाठी ते तुला कळायला हवं. आजीला तिच्या लुगड्यात पुरलं होतं, आठवतं? आईने तेव्हाच ठरवलं होतं, आपल्यालाही याच लुगड्यात ठेवायचं. म्हणून ते ट्रंकेत वेगळं, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेलं असायचं. तू नेलंस तेव्हा तिने कोणाला काही सांगितलं नाही. तुझं नाव होत होतं म्हणून गप्प राहिली. हे सगळं मलाही तिने परवाच सांगितलं.

अख्ख्या मेलबर्नला टाळं आहे. आता मास्कही लागणार म्हणतात. लुगडं लवकर पाठव.

कॅरोलिन

•

डार्विन
२६ जुलै २०२०

बाय,

मराठीत खोटं बोलायला जमत नाही म्हणालो होतो. जमलं की. लुगडं बॅगेत आहे हे खरं, नीट आहे हे खोटं.

मी ते कापलंय. पाच तुकडे केलेत.

पहिली दोन वर्षं मी रोज विंगेत उभा राहून नेसायचो, काष्टा घालून, नीट. येत होतं मला. वसईत रविवारी मिस्साच्या आधी आई नेसायची तेव्हा निऱ्या धरायचं काम माझं होतं. तू फ्रॉक घालून बाहेर ओट्यावर उभी असायचीस. पण टीव्हीवर वीस सेकंदांत मिसेस डाबरेचा पंतप्रधान व्हावा लागायचा. कपडेपटातली बाई म्हणाली, कापून वेल्क्रो लावू, एका झटक्यात निघेल. मी म्हटलं, लाव. एवढंच बोललो. चहा हवा का विचारल्यावर हो म्हणतात तसा बोललो. आजीचं लुगडं, बाय, आणि मी घड्याळाकडे बघत होतो.

तुझं पत्र वाचून मी चाफ्याखाली बसलो आणि तिथून उठवेना. दारूची इतकी आठवण पहिल्या आठवड्यातही आली नव्हती. कुंपणाला दार आहे आणि त्याला कुलूप नाही. मी दारापर्यंत गेलो. मग आईचं ते आठवलं, दर वेळी कारण चांगलंच असायचं. परत आलो.

इथे शिवणकामाच्या खोलीत ग्लेनिस म्हणून सत्तरीची बाई येते. जन्मभर बोटींची शिडं शिवली तिने. तिच्यापुढे तुकडे पसरले. तिने चष्मा लावला, कड बोटांत धरून बघितली आणि म्हणाली, "मेट, हू डिड धिस?" मी म्हटलं, मीच. ती म्हणाली, "देन यू कॅन फिक्स इट." सुई माझ्या हातात दिली. स्वतः एक टाका घालत नाही, दुष्ट बाई. मी रोज चार तास बसतो. आधी वेल्क्रो उसवायचं, मग चौकडीला चौकडी जुळवून टाके घालायचे. बोटांची चाळण झालीय.

आईला कापल्याचं सांगू नकोस. तिचं लुगडं तिला पुरतं करून पाठवतो. दोन आठवडे दे.

ऑसी

•

क्रेगीबर्न
४ ऑगस्ट २०२०

ऑस्वाल्ड,

कॅरोलिन म्हणाली, तू सांग, मी लिहिते. मी नको म्हटलं. ती मधे आपलं घालते. मी सातवी पास आहे. तीन दिवस लागले लिहायला, धाप लागते म्हणून.

तुझं शेवटचं पत्र तिने मला वाचून दाखवलं नाही. माझ्या खाटेशी ठेवलेल्या तिच्या पिशवीत होतं, मी काढून वाचलं. तिला रागावू नको.

माझं सोंग केलंस म्हणून मी बोलणं टाकलं असं तुला वाटतं. कॅरोलिनलाही तेच वाटतं. तसं नाही. तुझं पहिलं सोंग मी लंडनला, वेंब्लीच्या घरात बघितलं. शेजारच्या पटेलबाईंना बोलावून आणलं आणि सांगितलं, ही मी आहे. मंत्र्याच्या ताटात तू कालवण ओतत राहिलास तेव्हा मला इतकं हसू आलं की तुझे बाबा पाणी घेऊन धावत आले. ते त्यांच्यावरूनच घेतलंस ना? ते खोटं बोलले की मी आणखी वाढायचे, तोंडाने काही बोलायचे नाही.

मयताचं सोंग बघितलं तेव्हा तुझी जीभ जड होती. एक शब्द तू दोनदा घेतलास. लोक हसले, त्यांना ते नाटक वाटलं. मी ती जीभ एक्केचाळीस वर्षं ऐकलेली आहे. मी टीव्ही बंद केला. मी रागावले नव्हते. मी भ्याले. नवऱ्याचं सगळं बघितलं होतं, मुलाचं बघायची ताकद नव्हती. म्हणून फोन घेतला नाही. ती माझी चूक. आईने फोन घ्यायला पाहिजे होता. रोज वाजायचा तेव्हा मी मोजायचे, किती वेळा वाजतो. मग तो वाजायचा थांबला.

लुगडं कापलंस ते मला तेव्हाच कळलं होतं. तू ओढलंस की चर्र आवाज यायचा आणि एकदम निघायचं. नऊवारी असं कधी निघतं का?

आता ऐक. ते शिवू नको. आहे तसं पाठव. मी आता उभी राहत नाही. कॅरोलिनला नेसवायला येत नाही. टारनीटला आपल्या वसईच्या एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांना येतं, पण हल्ली पाच किलोमीटरच्या बाहेर कोणाला जाऊ देत नाहीत. वेल्क्रो असेल तर कॅरोलिन दोन मिनिटांत घालील. झालं ते बऱ्यासाठीच झालं म्हण.

बारा आठवडे पुरे कर. तू दारापर्यंत जाऊन परत आलास ते मी तीनदा वाचलं.

जेवत जा.

आई

•

डार्विन
८ ऑगस्ट २०२०

बाय,

झालं! पुरतं झालं! आज सकाळी ग्लेनिसने लुगडं दोरीवर पसरलं आणि उन्हाकडे धरून इकडून तिकडे बघितलं. एक टाका दाखवून "सॅगी" म्हणाली, सैल आहे म्हणे, एवढंच. तिच्याकडून हे म्हणजे पदक.

सगळं वेल्क्रो काढलं, एक दोरासुद्धा ठेवला नाही. चार लांब शिवणी आहेत, आतल्या बाजूने, बाहेरून नीट बघितल्याशिवाय कळत नाहीत. हाताने धुतलं, सावलीत वाळवलं, घडीत चाफ्याची वाळलेली फुलं घातली. आता कळलं ती कशासाठी गोळा करत होतो.

आजच्याच पोस्टाने पाठवतोय. आईच्या हातात दे आणि तिने काय केलं ते मला लिही, एकही गोष्ट गाळू नकोस. पदरावर हात फिरवला का, वास घेतला का, सगळं.

नववा आठवडा संपत आला. मी आयुष्यात एवढं सलग काही पुरं केलेलं नाही.

ऑसी

•

क्रेगीबर्न
१८ ऑगस्ट २०२०

ऑसी,

आईचं पत्र आणि तुझं पार्सल वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. आतापर्यंत तिचं पत्र तू वाचलं असशील आणि कपाळाला हात लावून बसला असशील. तुमची दोघांची कमालच आहे! दहा वर्षं बोलला नाहीत आणि लिहायला लागलात तर एकाच आठवड्यात उलटसुलट.

काही गाळू नकोस म्हणालास, तर ऐक. पार्सल मी कात्रीने उघडलं. लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. तिने आधी फुलं वेगळी काढून बशीत ठेवली. मग शिवणीवरून बोट फिरवत गेली, चारही शिवणी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं आता रडेल. तर म्हणते, "टाके वाकडे आहेत. पण सुटायचे नाहीत." मग हसली. मग खोकला आला. त्या दिवसापासून ते पांघरून झोपते, खाली दुलई, वर लुगडं. नर्सने विचारलं तर सांगते, "माय सन मेड."

आता माझं ऐक. नर्स म्हणाली, दिवसांची गोष्ट आहे. आठवडे नाहीत. आईला कूस बदलायलाही दोघी लागतो. आणि मला नेसवता येत नाही, ऑसी. आईला शिकवायची ताकद राहिली नाही. इंटरनेटवर शोधलं, तिथे सगळी नटलेली, उभी माणसं.

एक सांगते, कोणाला सांगितलेलं नाही. वेंब्लीत पहिल्या वर्षी आई मला शाळेत न्यायला लुगडं नेसून यायची. पोरी हसल्या. मी चौदा वर्षांची होते, घरी येऊन म्हटलं, पुन्हा हे नेसून येऊ नकोस, मला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी ती स्कर्ट घालून आली. मग रोज स्कर्टच. लुगडं ट्रंकेत माझ्यामुळे गेलं. तू ते नुसतं बाहेर काढलंस. आणि दहा वर्षं मी तुला नावं ठेवली.

तुला येतं. त्या ओट्यावर मी पाठ करून उभी होते आणि तू निऱ्या धरत होतास. मला लिहून पाठव कसं नेसवायचं ते. फोनवर नको, रडू येईल आणि डोक्यात राहणार नाही. समोर कागद हवा. एक्स्प्रेस पोस्टाने पाठव.

तुझी बाय

•

डार्विन
२३ ऑगस्ट २०२०

बाय,

तू चौदा वर्षांची होतीस. लुगडं उचललं तेव्हा मी सत्तावीसचा होतो. तुझं माझं सारखं नाही. ते आता सोड.

मी लायब्ररीच्या टेबलावर ग्लेनिसला आडवं झोपवून पडद्याच्या कापडाने दोनदा करून बघितलं. तिने हूं का चूं केलं नाही. ज्या क्रमाने लिहितोय त्याच क्रमाने कर.

घाई करू नको. खोली उबदार ठेव, आईला थंडी आवडत नाही. तेव्हा तिला कळणार नाही म्हणशील, तरी ठेव.

तू एका बाजूला, दुसरं कोणी समोर. एक्सरे काढताना पेशंटला वळवतेस तसं तिला कुशीवर वळव, लुगडं पाठीखाली सरकव, मग दुसऱ्या कुशीवर घेऊन ओढून घे. कमरेशी गाठ मार. घट्ट नको. मिस्सा लांबली की ती फादरवर नाही, गाठीवर चिडायची.

मग निऱ्या. अंगठा आणि करंगळी ताणून होतं तेवढ्या मापाच्या, सात. आईच्या सातच असायच्या. तू वर घेशील तेव्हा दुसऱ्या माणसाने खाली पायांशी धरून ठेवायला हवं, नाहीतर सुटतात. ते काम माझं होतं. दोन्ही हातांनी धरायचं आणि आई "सोड" म्हणेपर्यंत सोडायचं नाही.

काष्टा मागे खोचू नको, झोपलेल्या माणसाला टोचेल. पायांमधून घेऊन पुढेच खोच. शिवणी आत गेल्या का बघ. पदर डाव्या खांद्यावरून घे आणि छातीवर पसरव, म्हणजे चौकडी दिसतील. त्यावर रोझरी.

शेवटचं. माझ्या पहिल्या वहीत, मिसेस डाबरेच्या पहिल्या पानावर, मी लिहून ठेवलं होतं: पदर टाकला की लगेच बोलायचं नाही, मनात तीन मोजायचे, लोकांना तिला बघू द्यायचं. हे मी आईकडूनच घेतलं होतं. लुगडं नेसून झालं की ती आरशासमोर तेवढंच थांबायची, मग वळून मला विचारायची, "जेवलास का?"

तूही थांब. तीन मोज. माझ्या वतीने बघ तिला.

कुंपणाचं दार मी रोज बघतो, बाय. तिच्यासाठीच जावंसं वाटतं आणि तिच्यासाठीच जात नाही. आठ दिवस उरलेत. तिला सांग, मी इथेच आहे.

ऑसी

•

क्रेगीबर्न
४ सप्टेंबर २०२०

ऑसी,

बारा आठवडे पुरे करून तू ग्लेनिसबाईंकडे थांबलायस, म्हणून हे त्यांच्या पत्त्यावर पाठवतेय, तेराला तुझं विमान आहे त्याआधी मिळेल. ऑफिसात फोन केला तेव्हा तू फक्त "पत्र मिळालं होतं का?" एवढंच विचारून फोन ठेवलास. परवा दफनविधी तू स्क्रीनवर बघितलास. दहाच माणसं, खुर्च्या लांब लांब. झाकण बंद होतं, म्हणजे तुला लुगडं दिसलं नाही. म्हणून लिहिते.

मिळालं होतं. आई गेली त्याच्या आदल्या दिवशी. तिला शेवटचं पान वाचून दाखवलं, "मी इथेच आहे" पर्यंत. तिने डोळे उघडले नाहीत, पण बोटांवर काहीतरी मोजत होती. मला वाटलं रोझरी. मग पुटपुटली, "तीन दिवस राहिले." तुझे दिवस मोजत होती, ऑसी. शनिवारी पहाटे गेली. माझा हात तिच्या हातात होता.

नर्स आली, तिने सगळं पुसून घेतलं. हीटर लावून ठेवला होता. तुझं पत्र मी उशीला टेकवलं. नर्स समोरच्या बाजूला उभी राहिली. निऱ्या धरायला कोण, म्हणून मी इकडेतिकडे बघितलं तर दारात सुरुची. तिला मी मुद्दामच बाहेर ठेवलं होतं. म्हणाली, "आय विल होल्ड इट, मम्मा." तिला म्हटलं, मी सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही. तिने दोन्ही हातांनी धरल्या. मी पहिल्यांदा पाच घेतल्या, चुकल्या, सोडल्या, पुन्हा घेतल्या. सात आल्या. पोरीच्या डोळ्यांतलं पाणी निऱ्यांवर पडत होतं.

गाठ सैल बांधली. शिवणी आत घेतल्या. एक तेवढी बाहेर राहिली, खांद्याजवळची, ग्लेनिसबाईंनी दाखवलेला तो सैल टाका तिथेच आहे. ती मी मुद्दाम राहू दिली. तुझा हात दिसायला हवा. छातीवर चौकडी पसरल्या, रोझरी ठेवली, बशीतली फुलं ठेवली.

मग तू सांगितलंस तशी थांबले. छत्तीस वर्षांनी आई लुगड्यात होती. किती छान दिसत होती, ऑसी. शाळेच्या फाटकाशी दिसायची तशीच, फक्त मी तेव्हा बघितलं नव्हतं.

एक. दोन. तीन.

मला खरंच वाटलं की ती आता विचारणार. देवाशप्पथ वाटलं. मग सुरुचीने, जिला मराठीत दोन शब्द नीट येत नाहीत, अजून निऱ्या हातात धरूनच हळूच विचारलं, "आजी, जेवलीस का?"

मी तिला म्हटलं, सोड आता, बाळा.

विमानात जेवू नकोस. तुझं ताट इथे वाढून ठेवते.

बाय